दीड सूत की पाच एमएम?

गॅदरिंगला स्टेजवर सगळ्यांच्या नजरा गाणाऱ्यावर आणि लीड गिटारवाल्यावर खिळलेल्या असतात. त्यांच्या मागे चार जाड तारांची, लांब मानेची गिटार घेऊन जो कोणी (किंवा माझ्यासारखी जी कोणी) उभी असते, तिच्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. पण ती दोन मिनिटं थांबली की गाणं एकदम पोकळ वाटायला लागतं. हीच ती बेस गिटार. आजचा लेख मात्र बेस कशी वाजवावी याबद्दल नाही. तो आहे बेस ऍडजस्ट करायला लागणाऱ्या, बोटाएवढ्या, एल आकाराच्या सहा कोनी किल्लीबद्दल, म्हणजे ऍलन कीबद्दल. ज्यांना संगीताचं वावडं आहे त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण सायकलच्या हँडलपासून लास्ट इयरच्या प्रोजेक्टपर्यंत हाच प्रश्न कुठेही समोर येतो.

एवढ्याशा किल्लीवर दोन पानं कशाला, असं वाटत असेल तर म्युझिक क्लबच्या खोलीत भिंतीवर टांगलेली काळी बेस बघून या. दिसायला ठणठणीत आहे, पण मान वाकलेली. आमची बॅच येण्याच्या आधी कधीतरी कोणीतरी तिच्या मानेतल्या नटमध्ये चुकीच्या मापाची की घालून जोर लावला. नटचे आतले सहाही कोपरे झिजले आणि भोक गोल झालं. शहरातल्या एका गिटार दुरुस्त करणाऱ्याला दाखवली तर तो म्हणाला, "अख्खी नेक बदला." किंमत ऐकून आम्ही ती तशीच परत आणली. आता क्लबकडे वाजवण्यासारखी एकच बेस उरली आहे, तीही एका सीनियरने पास आऊट होताना देऊन टाकलेली. ती तरी पुढच्या चार बॅचेसना मिळावी म्हणून हा खटाटोप.

मान वाकते का?

बेसच्या तारेची कंप पावणारी लांबी सहसा ३४ इंच, म्हणजे जवळजवळ ८६४ मिमी असते. नेहमीच्या जाडीच्या चार तारा सुरात लावल्या की त्यांचा मिळून साधारण ७५ ते ८० किलो वजनाइतका ताण लाकडी मानेवर येतो. आपल्या रूमपार्टनरला चोवीस तास मानेला लटकवून ठेवल्यासारखंच हे! साहजिकच मान तारांच्या बाजूला धनुष्यासारखी वाकते. तिला उलट बाजूने धरून ठेवण्यासाठी लाकडाच्या आत एक स्टीलचा रॉड असतो, त्याला ट्रस रॉड म्हणतात. गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांनी अशा ऍडजस्ट होणाऱ्या रॉडच्या पेटंटसाठी १९२१ साली अर्ज केला. १९५१ साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बेस बाजारात आणली, तीतही ट्रस रॉड होता.

लाकूड हवेतला दमटपणा शोषतं आणि सोडतं. त्यामुळे जुलैत एक वागणारी मान जानेवारीत, म्हणजे नेमकी गॅदरिंगच्या तोंडावर, वेगळी वागते. तारा फ्रेटवर घासून खरखरतात, नाहीतर इतक्या वर जातात की बोटं दुखून येतात. अशा वेळी ट्रस रॉडच्या टोकाचा नट थोडासा फिरवावा लागतो. आणि इथेच ऍलन की हातात येते.

सूत, इंच आणि एमएम

दुकानात ऍलन कीचा सेट मागितला की काका विचारतात, "ताई, सुतातला देऊ का एमएममधला?" माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. सूत म्हणजे शिवायचा दोरा, एवढंच मला ठाऊक होतं. सुतार, गवंडी आणि फिटर लोकांचं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे मला फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये कळलं. आजी जी पावकी, निमकी, सवायकी, दिडकी घडाघडा म्हणते, ती इथे चपखल बसते. १/१६ इंच म्हणजे अर्धं सूत, १/८ म्हणजे एक सूत, ५/३२ म्हणजे सव्वा सूत आणि ३/१६ म्हणजे दीड सूत. आपल्या देशाने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापं स्वीकारली, पण हार्डवेअरच्या दुकानात सूत अजून जिवंत आहे.

एक इंच म्हणजे बरोबर २५.४ मिमी. म्हणजे अर्धं सूत १.५९ मिमी, एक सूत ३.१८, सव्वा सूत ३.९७ आणि दीड सूत ४.७६ मिमी. आता मेट्रिक सेट बघा. त्यात सहसा १.५, २, २.५, ३, ४, ५, ६, ८ आणि १० अशा नऊ की असतात. सव्वा सूत आणि ४ मिमी हे जवळपास जुळे भाऊ, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा चालून जातो. बाकीच्यांचं तसं नाही. १.५ आणि १.५९, ३ आणि ३.१८, ४.७६ आणि ५ हे लांबचे चुलतभाऊ आहेत. चेहरा सारखा, पण घर वेगळं.

थोडं गणित (घाबरू नका)

"अरे, जातेय ना आत, मग झालं!" हे वाक्य मी हॉस्टेलवर शंभर वेळा ऐकलं आहे. जाणं वेगळं आणि बसणं वेगळं. लहान की मोठ्या भोकात आधी थोडी नुसतीच फिरते आणि मग तिचे कोपरे भोकाच्या सपाट भिंतींना जाऊन टेकतात. हा मोकळा फिरण्याचा कोन मी कागदावर काढून पाहिला. ५ मिमीच्या भोकात दीड सुताची की घातली तर ती सुमारे ५.४ अंश मोकळी फिरते. अर्ध्या सुताच्या भोकात १.५ मिमीची घातली तर ६.४ अंश, एका सुताच्या भोकात ३ मिमीची घातली तरी तेवढीच. ४ मिमीच्या भोकात सव्वा सुताची मात्र जेमतेम ०.८ अंश. ही आदर्श आकृतीवरची उत्तरं आहेत. प्रत्यक्षात भोक नेहमी किंचित सैल ठेवलेलं असतं, त्यामुळे कोन थोडा वाढतो.

पाच-सहा अंश म्हणजे काय मोठंसं? इथेच मेख आहे. की नीट बसली तर जोर कोपऱ्याशेजारच्या चांगल्या रुंद पट्टीवर वाटला जातो. सैल असली तर तोच जोर सहा बारीक रेघांवर येतो. जोर तेवढाच, क्षेत्रफळ नगण्य, म्हणजे स्ट्रेस प्रचंड. धातू दबतो आणि कोपरा सरकतो. पुढच्या वेळी कोन आणखी मोठा, स्ट्रेस आणखी जास्त. असं दोन-तीनदा झालं की आपली भिंतीवरची काळी बेस तयार! बरं, की कडक स्टीलची आणि नट त्या मानाने मऊ, त्यामुळे झिजतो तो नटच. की हरवली तर दुसरी मिळते. नट मात्र मानेच्या आत असतो.

कुठे कोणती की?

बेसवर ऍलन की मुख्यतः दोन ठिकाणी लागते.

पहिली जागा ट्रस रॉडचा नट. हा वर हेडस्टॉकपाशी तरी असतो, नाहीतर मान जिथे बॉडीला मिळते तिथे. अमेरिकेत बनलेल्या फेंडर बेसना इथे सहसा दीड सूत, म्हणजे ३/१६ इंच लागतं. जपान, कोरिया, इंडोनेशिया, चीन इथून आलेल्या बेसना बहुतेक वेळा ४ किंवा ५ मिमी. पण प्रत्येक बेसला ऍलन कीच लागते असं समजू नका. जुन्या फेंडरच्या नटला खाच असते, तिथे स्क्रूड्रायव्हर चालतो. काही कंपन्यांच्या नटला बॉक्स पाना लागतो. म्युझिक मॅनच्या अलीकडच्या बेसवर तर भोकं असलेलं चाकच असतं, त्यात सळई घालून फिरवायचं.

दुसरी जागा ब्रिज. प्रत्येक तारेखालच्या सॅडलला उंची कमीजास्त करायला दोन बारीक ग्रब स्क्रू असतात. चार तारांचे मिळून आठ. इथे सहसा अर्धं सूत किंवा १.५ मिमी लागतं, क्वचित त्याहून बारीक ०.०५० इंच, म्हणजे १.२७ मिमी. काही बेसच्या व्हॉल्यूमच्या नॉबमध्येही असाच एक स्क्रू लपलेला असतो.

आता खरी गंमत. एकाच बेसवर दोन्ही मापं असू शकतात. मान इंचातली आणि ब्रिज दुसऱ्या देशातून आलेला किंवा मागाहून बदललेला, म्हणजे एमएममधला. म्हणून हेडस्टॉकवरचं नाव वाचून सगळ्या स्क्रूंची मापं ठरवणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं!

निवडायची कशी?

कंपनीचं मॅन्युअल हाताशी असेल तर उत्तमच. नसेल तर असं करा.

१. आधी भोक साफ करा. लाकडाचा भुसा, पॉलिश, धूळ आत बसलेली असते. त्यामुळे बरोबर मापाची की आत जात नाही आणि आपण एक नंबर खाली उतरतो. टूथपिक पुरते.

२. दोन्ही सेट एकत्र करून की मापाप्रमाणे ओळीत मांडा. ३ मिमी, एक सूत, ४ मिमी, दीड सूत, ५ मिमी अशी ओळ लागेल. मोठीपासून सुरुवात करून खाली या. जोर न लावता आत जाणारी पहिली, म्हणजे सगळ्यात मोठी की, ती आपली. लहानापासून वर गेलात तर "गेली एकदाची" म्हणून मध्येच थांबायचा मोह होतो.

३. कीवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. लॅबमधला व्हर्निअर आहे की! लीस्ट काऊंट ०.०२ मिमी. स्वस्तातली की मापापेक्षा लहान निघू शकते.

४. कीचं टोक बघा. कडा गोल झाल्या असतील तर ग्राइंडरवर टोकाचे दोन-तीन मिमी उडवा, मध्येमध्ये पाण्यात बुडवत, नाहीतर तापून टेंपर जाईल. खाली नवी करकरीत कड मिळते.

५. गोळ्याच्या टोकाची की, म्हणजे बॉल एंड, तिरपी घालता येते म्हणून सोयीची वाटते. पण तिचा स्पर्श कमी आणि मान बारीक असते. ट्रस रॉडला सरळ टोकच वापरा.

सेट घ्यायचा तर एक इंचाचा आणि एक एमएमचा, दोन्ही घ्या. आपल्या नाशिकला कारखाना असलेल्या तापडियापासून पुष्कळ कंपन्यांचे मिळतात आणि काही शे रुपयांत काम होतं. नेकच्या किमतीपुढे ही रक्कम म्हणजे मेसमधली एक्स्ट्रा स्वीट डिश.

फिरवण्याआधी

बेस सुरात लावा. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, मान बॉडीला मिळते तिथे जाड तार दाबून धरा आणि आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यामधली फट फिलर गेजने मोजा. फेंडरच्या नेहमीच्या बेसला ही फट साधारण ०.०१२ इंच, म्हणजे ०.३ मिमी असावी. जास्त असेल तर तारा थोड्या सैल करा, की तळापर्यंत घाला आणि नट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पाव फेरा फिरवा. पावच! फट कमी असेल तर उलट दिशेने. पुन्हा सुरात लावा, पुन्हा मोजा. नट अडला तर जोर न लावता थांबा आणि जाणकाराला दाखवा.

मान झाल्यावरच ब्रिजकडे वळा. सतराव्या फ्रेटपाशी जाड तारेची उंची सुमारे २.४ मिमी (पाऊण सूत!) आणि बारीक तारेची २ मिमी, हे सुरुवातीला पुरे. इथे कीचा आखूड हात बोटात धरला की जास्त जोर लागतच नाही.

जाता जाता सांगते. अमेरिकेत हार्टफर्डच्या विल्यम ऍलन यांच्या स्क्रूला १९१० साली पेटंट मिळालं. त्याआधी यंत्रांच्या शाफ्टवर स्क्रूंची चौकोनी डोकी बाहेर आलेली असत. त्यात कामगारांचे कपडे अडकून अपघात होत. डोकंच आत नेलं तर धोका टळतो, हा त्यामागचा विचार. म्हणजे ही किल्ली जन्माला आली तीच कोणाला इजा होऊ नये म्हणून. आपणही तिने बेसला इजा करू नये, एवढंच.

क्लबच्या कपाटात आता दोन्ही सेट ठेवले आहेत, आणि बेसच्या केसच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी चिकटवली आहे: "मान – ५ मिमी, ब्रिज – १.५ मिमी. दोन्ही व्हर्निअरने तपासलेले." सेट खुशाल न्या, रजिस्टरमध्ये सही करा आणि रात्री मेसला जायच्या आत परत ठेवा. सायकलसाठी नेणाऱ्यांनाही हाच नियम!