अँजिओप्लास्टी लांब असेल, पण इंजेक्शन तालुक्यात हवं

जालना जिल्ह्यातल्या मंठा-परतूरकडच्या एखाद्या वस्तीवर पहाटे छातीत कळ आली, की ‘पित्त झालं असेल’ म्हणून आधी सोडा पाजतात. उजाडल्यावर गावातले डॉक्टर, मग जालना, तिथून चिठ्ठी घेऊन संभाजीनगरचं घाटी रुग्णालय. तोवर गुठळीने हृदयाची रक्तवाहिनी बंदच असते आणि तिच्या पुढचा स्नायू मरत जातो. मेलेला स्नायू सहसा भरून येत नाही.

२००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये भारतातल्या वीस हजारांवर रुग्णांची ‘क्रिएट’ पाहणी प्रसिद्ध झाली. या हृदयरुग्णांपैकी निम्म्यांना रुग्णालय गाठायला सहा तास किंवा त्याहून जास्त लागले होते. गरिबांमध्ये मृत्यू अधिक होते. पण उपचारांतला फरक हिशेबात धरताच मृत्यूंमधला फरक उरला नाही. हे वाचून मन अस्वस्थ होतं. गरिबाचं हृदय काही वेगळं नसतं, त्याला औषध मिळत नाही.

औषध तर जुनं आहे. १९८८च्या ‘आयसिस-२’ चाचणीत ॲस्पिरिन आणि गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज एकत्र दिल्यावर पाच आठवड्यांतले मृत्यू ४२ टक्क्यांनी घटले. आता टेनेक्टेप्लेज आहे. रुग्णाच्या वजनानुसार शिरेतून एकदाच द्यायचं, काही सेकंदांत देऊन होतं. अँजिओप्लास्टी दोन तासांत होण्यासारखी नसेल, तर हे आधी द्यावं आणि मग रुग्णाला मोठ्या केंद्रात हलवावं. पहिल्या तीन तासांत त्याचा गुण सर्वाधिक. मात्र पूर्वी मेंदूत रक्तस्राव झालेल्यांना ते देता येत नाही, म्हणून ईसीजी आणि डॉक्टरांची तपासणी आधी.

तमिळनाडूत लहान रुग्णालयं मोठ्या केंद्रांना जोडली, ईसीजी तिकडे पाठवले, तेव्हा वर्षभरातल्या मृत्यूंचं प्रमाण १७.६ वरून १४.२ टक्क्यांवर आलं. महाराष्ट्राच्या आरोग्य विभागानेही याच धर्तीवर ‘स्टेमी’ (म्हणजे हृदयविकाराचा मोठा झटका) प्रकल्प हाती घेतला.

समृद्धी महामार्ग जालन्यावरून गेला, गाड्या वेगाने धावतात. पण पहिला ईसीजी मिळेपर्यंतचे तास त्या रस्त्यावर जातच नाहीत. ते घरात आणि गावात जातात. म्हणून माझ्या मते जिल्ह्याने आधी मागायला हवं ते हे: प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात रात्री दोन वाजताही ईसीजी काढणारा माणूस, तो वाचून फोनवर सांगणारे हृदयरोगतज्ज्ञ आणि कपाटात टेनेक्टेप्लेज. घरच्यांनी कळ येताच १०८ ला फोन लावावा. बायका आणि मधुमेही यांच्यात नुसता दम लागणं, घाम फुटणं, मळमळणं हीसुद्धा झटक्याची लक्षणं असू शकतात. त्यांचाही ईसीजी लगेच काढून घ्यावा.