अर्धा इंच गेला कुठे?

'अर्धा इंची' लोखंडी पाईपचा तुकडा हातात घ्या आणि मोजा. बाहेरचा व्यास 21.3 मिलिमीटरच्या आसपास, आतला जवळपास 16. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर. मग तो अर्धा इंच आहे तरी कुठे?

तो राहिलाय एकोणिसाव्या शतकात! तेव्हाचं लोखंड कमकुवत, त्यामुळे पाईपची भिंत जाड ठेवावी लागे आणि आतलं भोक खरोखर अर्ध्या इंचाच्या जवळ असे. पुढे धातू सुधारला, पातळ भिंत पुरू लागली. पण ती पातळ करायची कुठल्या बाजूने? बाहेरून करावी, तर आटे बाहेरच पाडलेले. सॉकेट, एल्बो, टी सगळे त्याच मापाचे. म्हणून बाहेरचं माप तसंच ठेवलं आणि भोक मोठं होत गेलं. नाव मात्र जुनंच! आजही शेड्यूल 40 ऐवजी शेड्यूल 80 चा, म्हणजे जाड भिंतीच्या श्रेणीतला पाईप घेतलात, तर जाडी वाढते ती आतल्या अंगाला. आपल्याकडच्या पाईपवरचे पिवळे, निळे, लाल पट्टेही हेच सांगतात: हलका, मध्यम, जड. आणि 14 इंचांपासून पुढे? तिथे नाव आणि बाहेरचा व्यास चक्क जुळतात.

नाव फसवतं ते मापातच नाही. रिफायनरीतल्या, बॉयलरजवळच्या पाईपवर 'ए106 ग्रेड बी' अशी पोलादाची प्रत सांगणारी अक्षरं दिसतात. शाळेत 'बी' म्हणजे 'ए'च्या खाली; इथे 'बी' जास्त ताकदवान. या पोलादाची एक चौरस मिलिमीटर छेदाची, म्हणजे जेमतेम शेवईएवढी पट्टी कल्पा. तिला 24 किलो टांगून काढून घेतले तरी ती पूर्ववत होते. तुटायला निदान 42 किलो लागतात! आणि हे बळ देणारा कार्बन किती? एक किलो पोलादात फार तर 3 ग्रॅम, भाजीतल्या मिठाहूनही कमी. तो वाढवला तर पोलाद आणखी कठीण होतं, पण ठिसूळही, आणि वेल्डिंगला त्रास देतं.

ए106 पाईपच्या भिंतीला लांबीभर कुठे जोडच नसतो; तो भरीव सळईतून घडतो. मग तिच्यात एवढं लांब भोक पाडतं कोण? 1885 च्या सुमारास जर्मनीत रेमशाइडच्या मानेसमान बंधूंना याचं उत्तर सापडलं. लालबुंद सळई दोन तिरप्या रुळांमध्ये दाबत गरागरा फिरवली की तिच्या पोटात असा ताण येतो की ती मधोमध आपणहून उकलू लागते! समोर रोखलेलं टोकदार डोकं त्या फटीत शिरतं, तिला गोल, गुळगुळीत करतं, आणि पलीकडून बाहेर येते ती पोकळ, धगधगती नळी.