समासातली श्रीमंती

स्क्रॅपबुकचं सामान विकणाऱ्या कुठल्याही दुकानात डोळ्यांसमोरच्या फळीवर चकाकी मांडलेली असते. चमकीच्या ट्यूब, कागदी फुलपाखरं, लाल बदामांचे स्टिकर, नागमोडी कापणाऱ्या कात्र्या. दहावीतल्या मुलीने मैत्रिणीच्या वाढदिवसासाठी यातलं सगळं वापरलं तर त्यात गंमतच आहे. पण आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून पन्नाशीकडे झुकलेली मुलं वही करायला बसतात, तेव्हाही हात त्याच फळीकडे जातो. मग मुंडावळ्या बांधलेल्या, कॅमेऱ्याकडे बघायला लाजणाऱ्या त्या दोघांचा देखणा कृष्णधवल फोटो फुलपाखरांच्या गर्दीत सापडत नाही.

हा छंद आज ज्या रूपात दिसतो ते रूप अमेरिकेचं. कात्रणं चिकटवण्याची हौस तिथे जुनीच. डिंक आधीच लावलेल्या पानांच्या वहीचं पेटंट मार्क ट्वेनने १८७३ मध्ये घेतलं होतं. पान ओलं करायचं आणि कात्रण ठेवायचं, एवढंच काम. शंभरेक वर्षांनी, १९८० मध्ये, युटा राज्यातल्या मारिएलन ख्रिस्टेन्सन यांनी आपल्या कुटुंबाच्या वह्या सॉल्ट लेक सिटीच्या एका मोठ्या परिषदेत मांडल्या आणि पाहता पाहता त्यातून उद्योग उभा राहिला. वंशावळ जपणं हा तिथल्या मॉर्मन पंथात श्रद्धेचा भाग, त्यामुळे जमीन तयारच होती. बारा इंची चौकोनी पान रूढ झालं ते याच उद्योगात. चकाकीची फळीही त्याच्याच मागोमाग आली.

पान कसं दिसावं हे शिकायला मात्र मी युटाला जाणार नाही, आग्र्याला जाईन. मुघल दरबारात चित्रं आणि सुलेखनाचे नमुने जमवून, कागदावर कागद चिकटवून केलेल्या पुठ्ठ्यांवर बसवत आणि त्यांचा ग्रंथ बांधत. त्याला मुरक्का म्हणत. दारा शुकोहने पत्नी नादिरा बानू बेगम हिला दिलेला असा एक मुरक्का आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यावरच्या अर्पण-लेखाचं साल १६४१-४२ पडतं. त्यात चित्रासमोर चित्र येतं आणि अक्षरांसमोर अक्षरं. फूल, पक्षी, एखादी उभी व्यक्ती, पानावर बहुतेक एवढंच. भोवती रुंद हाशिया, म्हणजे समास, आणि त्यात सोनेरी वेलबुट्टी. जहांगीरच्या मुरक्क्यांत तर हाशियातही माणसं भेटतात. एका पानाच्या कडेला कागद घोटणारे आणि ग्रंथ बांधणारे कारागीर आपापल्या कामात गढलेले आहेत, म्हणजे मुरक्का करणाऱ्यांनी स्वतःचंच चित्र समासात घालून ठेवलं! पण ही माणसं हलक्या रेषांत आणि फिक्या रंगांत आहेत. मधल्या चित्राशी ती स्पर्धा करत नाहीत. बादशहाच्या चित्रशाळेत सोन्याला तोटा नव्हता, तरीही सजावट चित्राच्या चौकटीबाहेर थांबली. प्रौढ स्क्रॅपबुकला मला वाटतं एवढी एक शिस्त पुरते. फोटोवर काहीही चढवायचं नाही. जी हौस करायची ती समासात, आणि फोटोपेक्षा फिक्या आवाजात.

आता प्रत्यक्ष पानाकडे येऊ. जोडपानावर एकच प्रसंग घ्यावा आणि त्यात एक फोटो स्पष्टपणे मोठा असावा. चार-सहा इंची पाच फोटो ओळीने लावले की नजर कुठेच थांबत नाही, वर्गातल्या हजेरीसारखी पुढे पुढे सरकते. बारा इंची पानावर सहा इंच रुंद आणि आठ इंच उंच असा एक फोटो घ्या. वर दीड इंच सोडा, खाली अडीच. फ्रेम करणारे कारागीरही खालचा समास मोठा ठेवतात, कारण अगदी मधोमध लावलेलं चित्र डोळ्याला घसरल्यासारखं वाटतं. डावीकडे दीड इंच सोडलं की उजवीकडे साडेचार इंच उरतात. तिथे मजकूर, आणि फार तर एक छोटा फोटो. उरलेला कागद कोराच राहू द्यावा. ‘इथे अजून एक मावेल’ असं घरातलं कुणीतरी म्हणणारच. मावतंच, पण लावायचं नाही.

जुना फोटो जेमतेम दोन इंच रुंद असेल आणि तो सहा इंच करायचा असेल, तर स्कॅन निदान ९०० डीपीआयला करून घ्यावं, कारण चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात. वहीत ही नवी प्रत लावायची. मूळ फोटो वेगळा जपायचा.

रंगांची खरी परीक्षा आपल्याकडच्या लग्नाच्या फोटोंत होते. पोपटी शालू, हळदीचा पिवळा, मंडपाचा गुलाबी कापडी पडदा आणि त्यावर फ्लॅशचा झगझगाट. असे चार फोटो शेजारी आले की पान ओरडू लागतं. त्यातला एक रंगीत ठेवून बाकीचे कृष्णधवल छापले की सगळं एकदम निवतं. पानाचा रंग फोटोतूनच उचलावा, तोही शालूच्या पोपटीसारखा ठळक नव्हे. मागच्या भिंतीचा राखाडी किंवा तांब्याच्या घंगाळाचा तपकिरी चालेल. जुन्या अल्बमांची काळी पानं, पांढरी पेन्सिल, फोटोला लावायचे कागदी कोपरे आणि मधला बटर पेपर हे सगळं आजही तितकंच रुबाबदार दिसतं. शिवाय कोपऱ्यांमुळे फोटोच्या पाठीला गोंद लागतच नाही.

मजकुराबाबत आपण फार आळशी असतो. ‘अविस्मरणीय क्षण’ असं लिहिल्याने वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी लिहा: ‘माई आणि धाकटी आत्या, गिरगावच्या चाळीची गॅलरी. मागे पापड वाळत घातलेत. आत्याच्या हातातलं घड्याळ माईचं आहे, फोटोपुरतं मागून घेतलेलं.’ ही माहिती फोटोत दिसत नाही आणि ती सांगू शकणारी माणसं दरवर्षी कमी होत जातात. वाटोळं, नीटस अक्षर असेल तर हातानेच लिहावं. संगणकावर करणार असाल तर देवनागरीची गरज ओळखावी. वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असल्यामुळे ओळींत रोमनपेक्षा जास्त अंतर लागतं. शीर्षक ऐटबाज दिसावं म्हणून अक्षरं एकमेकांपासून फाकवू नयेत, शिरोरेघ तुटते आणि शब्दच मोडतो. एक टाइप या मुंबईच्या अक्षरशाळेचा ‘मुक्त’ हा फाँट फुकट मिळतो आणि अशा मजकुराला शोभतो. सगळ्या वहीला एकच फाँट पुरे.

कागद आणि गोंद यांत केलेली काटकसर वीस वर्षांनी दिसते. वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन असतं, त्यामुळे तो पिवळा पडून ठिसूळ होतो. म्हणून कात्रणाची चांगल्या कागदावर प्रत काढून ती लावावी. सुती चिंध्यांपासून केलेल्या हातकागदात ही भीती नाही. पुण्याच्या हातकागद संस्थेमुळे हा कागद मराठी घरांना अनोळखी नाही. एसटीचं जुनं, कंडक्टरने पंच केलेलं तिकीट अजून वाचता येतं, पण हल्लीच्या यंत्रातून निघणारं तिकीट थर्मल कागदाचं असतं आणि त्यावरची अक्षरं आपोआप उडतात. ते मिळाल्या दिवशीच स्कॅन केलेलं बरं. सेलोटेप पूर्णपणे वर्ज्य. पीव्हीसीची पाकिटंही नकोत, पॉलिप्रॉपिलीनची घ्यावीत. गजऱ्यातली वाळलेली फुलं कितीही मोह झाला तरी टाळावीत, विशेषतः कोकणात आणि मुंबईत. ओलावा, बुरशी आणि कसर तिन्ही त्यांच्यासोबत वहीत येतात.

१९८० च्या दशकातल्या त्या चिकट पानांच्या अल्बमांनी मात्र घराघरांत नुकसान केलं आहे. वरचा प्लास्टिकचा पापुद्रा उचलायचा, फोटो ठेवायचा आणि परत दाबायचा, ही सोय तेव्हा आधुनिक वाटली. आता तो गोंद पिवळा पडून फोटोंना धरून बसला आहे. असे फोटो ओढून काढू नयेत. आधी पानासकट स्कॅन करावेत, मग मेण नसलेला दातांचा दोरा फोटोखालून करवतीसारखा हळूहळू फिरवावा. तरीही सुटत नसेल तर तो तिथेच असू द्यावा. स्कॅन हाताशी आहेच.

शेवटी निवडीतून उरलेल्या फोटोंचा प्रश्न येतो, आणि तो सौंदर्यशास्त्राचा कमी, नातेवाइकांचा जास्त असतो. ‘आमचा एकही फोटो लावला नाहीस’ हे वाक्य वही पाहायला जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणणारच. त्यासाठी मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला एक जाड कागदाचं पाकीट चिकटवून ठेवावं आणि प्रत्येक फोटोच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने नावं व साल लिहून ते फोटो त्यात घालावेत. बॉलपेनने लिहू नये, पुढच्या बाजूला वळ उठतात. काकांनी तक्रार केली की पाकीट त्यांच्या हाती द्यावं. ते त्यातून स्वतःचे दोन फोटो काढून खिशात घालतात आणि वही सुटते.