काळ्या मातीतले जड धातू आणि वीज
शिसे, कॅडमियम, तांबे हे जड धातू चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटतात. पाण्याने धुवायचे तर पाणी आत मुरतच नाही. वीज मात्र काम करते. ओल्या मातीत दोन इलेक्ट्रोड रोवून दर सेंटिमीटरला साधारण 1 व्होल्ट डीसी दाब दिला की धातूंचे धनभारित आयन ऋणाग्राकडे सरकतात. पाणीही तिकडेच वाहते. पाण्याचे हे वाहणे शास्त्रज्ञ रॉइस यांनी मॉस्कोत 1809 मध्ये नोंदवले. धनाग्रापाशी तयार होणारे आम्ल धातूंना कणांपासून सोडवते. खरी मेख ऋणाग्रापाशी आहे: तिथे अल्कता वाढून धातू मातीतच साचतात, म्हणून सायट्रिक आम्ल घालतात. वसमत तालुक्यातल्या हट्ट्यासारख्या काळ्या, भारी जमिनीत चुनखडी असेल तर तीच आधी आम्ल खाते, आणि वेळ व विजेचा खर्च दोन्ही वाढतात.