वसुलीवाला दारात आला तर आधी कागद मागा

मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे गावात सावकारांविरुद्ध उठाव झाला आणि पाहता पाहता ती आग नगर जिल्ह्यात आली. पारनेर, श्रीगोंदा, नगर व कर्जत या तालुक्यांतील २२ गावांत कर्जदार सावकाराच्या दारात जाऊन उभे राहिले. त्यांची मुख्य मागणी एकच होती, कर्जरोखे द्या. रोखे हाती आले की ते जाळले गेले. घेतले किती आणि लिहिले किती, हे त्या निरक्षर माणसाला वाचता येत नव्हते. फेडलेल्या रकमेची पावतीही त्याच्याजवळ नव्हती. शेकडो लोक पकडले गेले. पण १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. रोख्यावरच्या आकड्यामागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला आणि पावती व वर्षाचा हिशेब मागण्याचा हक्क कर्जदाराला मिळाला.

या जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर आहे. सावकाराचे रूपही बदलले. पूर्वी तो जमीन पाहून कर्ज देई. आजची मायक्रोफायनान्स कंपनी जमीन विचारत नाही. आधार कार्ड आणि गटातल्या बायांची हमी घेते. म्हणूनच ती भूमिहीनांच्या वस्तीपर्यंत पोचली. आणि भांडण पुन्हा तेच! कोणाच्या कार्डावर दुसरीनेच कर्ज उचललेले, कोणी भरलेला हप्ता कार्डावर चढवलेलाच नाही, तर कोणाचे फेडून झाले तरी बाकी निघतेच आहे. घेतलेले बुडवा, असे येथे कोणी सांगत नाही. जे घेतलेच नाही किंवा फेडले आहे, ते भीतीपोटी पुन्हा भरायचे काय, एवढाच प्रश्न आहे.

वसुलीवाला दारात आला की त्याला घरात घेऊ नये. शेजारची दोन माणसे बोलवावीत. कंपनीचे ओळखपत्र आणि वसुलीचे अधिकारपत्र पाहून नाव लिहून घ्यावे. “ही रक्कम मला मान्य नाही, खातेउतारा आणि कराराची प्रत द्या,” एवढेच म्हणावे. तेच कंपनीला अर्जाने कळवून पोच घ्यावी. त्याच्यावर हात टाकू नये. तोही बहुधा एखाद्या गरिबाचाच पोर असतो, आणि एक चापट मारली की गुन्हेगार आपण ठरतो.

“पाचशे तरी द्या, इथे सही करा, मग बघू,” हा खरा सापळा आहे. वसुलीच्या दाव्याला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. ती संपण्याआधी कर्ज मान्य केल्याची लेखी सही दिली की मुदत नव्याने सुरू होते. म्हणून न वाचलेल्या कागदावर सही नाही, अंगठा नाही. पावतीशिवाय रोख पैसा नाही.

भांडी उचलतो, सिलिंडर नेतो, पोलीस आणतो, अशा धमक्या सर्रास दिल्या जातात. हप्ता थकणे हा एरवी दिवाणी मामला आहे. न्यायालयाच्या आदेशाशिवाय घरातील वस्तू उचलता येत नाही. आदेश असला तरी अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारे आणि रूढीने स्त्रीला अंगावेगळा करता येत नाही असा दागिना यांवर जप्ती येत नाही. मजुराची व घरकामगाराची मजुरीही सुटते. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० वस्तीच्या विहारात मोठ्या अक्षरांत लावायला हवे.

मायक्रोफायनान्सची वसुली सकाळी ९ पूर्वी आणि संध्याकाळी ६ नंतर करू नये, शिवीगाळ करू नये, नातेवाइकांना छळू नये, कर्जदाराचे नाव चव्हाट्यावर आणू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या नियमांत बजावले. हप्ता भरल्याशिवाय बैठक उठणार नाही म्हणत रात्रीपर्यंत बायांना एखादीच्या दारात बसवणे कशात बसते? आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. चौकशीचा फोन १४४४८.

खासगी सावकाराचा रस्ता वेगळा आहे. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याप्रमाणे विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. परवानाधारकालाही मुद्दलाहून जास्त व्याज घेता येत नाही. तालुक्याला सहायक निबंधक, जिल्ह्याला उपनिबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे अर्ज द्यावा. सावकारीपोटी लिहून घेतलेली जमीन १५ वर्षांच्या आतली असेल तर तीही कलम १८ खाली परत मागता येते.

आणि दारात येऊन चारचौघांसमोर कोणी जात काढली, तर ती बाब कर्जाची राहत नाही. ऐकणाऱ्यांची नावे, तारीख, वेळ लिहून त्याच दिवशी पोलीस ठाण्यात जावे आणि ॲट्रॉसिटी कायद्याखाली फिर्याद नोंदवावी. “आधी हप्त्याचे मिटवा,” असे ठाण्यात सांगितले गेले तर उठू नये. फिर्यादीची प्रत हातात घेऊनच बाहेर पडावे.