जयंतीची दौड : आखणी आणि आशय

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जयंतीला आपण मिरवणूक काढतो, व्याख्याने ठेवतो. त्याच दिवशी पहाटे भूम शहरातून धावण्याची शर्यतही घेता येईल. सुटीमुळे रस्त्यावर वाहने कमी असतात व विद्यार्थी मोकळे असतात. अमेरिकेतील बोस्टन येथे १८९७ पासून एप्रिलमधल्याच एका सुटीच्या दिवशी अशी शर्यत होते. पहिल्या वर्षी अवघे १५ जण धावले. तेथे स्त्रियांना अधिकृत प्रवेश मात्र १९७२ साली मिळाला. आपण पहिल्याच वर्षी मुलींना तेच अंतर व तेवढेच बक्षीस ठेवावे.

पहिले काम मोजणीचे. आपल्याकडे कोणत्याही दौडीला मॅरेथॉन म्हणतात. वास्तविक ते अंतर ४२.१९५ किलोमीटर असते. आपल्याला ५ किलोमीटर पुरे. सरळ रस्त्यावर पोलादी फितीने ३०० मीटर मोजावेत, तेवढ्यात सायकलच्या चाकाचे किती फेरे होतात ते नोंदवावे आणि त्या हिशेबाने मार्ग मोजावा. वळणावर आतली बाजू धरावी, कारण धावणारा तीच धरतो. मार्ग कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरला १ मीटर जास्त धरतात. आष्टी तालुक्यातील मांडव्याचे अविनाश साबळे यांनी २०२० मध्ये दिल्लीची अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पूर्ण केली. मार्ग अचूक मोजलेला होता, म्हणूनच तो राष्ट्रीय विक्रम ठरला.

पोलिसांची परवानगी आधी घ्यावी, रुग्णवाहिका सांगून ठेवावी. प्रत्येक फाट्यावर एक स्वयंसेवक हवा. अंतिम रेषेनंतर दोरीची अरुंद वाट करून, येणाऱ्याच्या हाती अनुक्रमांकाची चिठ्ठी द्यावी. म्हणजे निकालावर वाद होत नाही. मराठवाड्यातील एप्रिलचे ऊन लक्षात घेता दौड सकाळी सहाला सुरू व्हावी. लहान मुलांचे अंतर कमी ठेवावे. चक्कर आल्यास धावणे थांबवावे, हे सर्वांना आधीच बजावावे.

आता पाणी. दर दीड किलोमीटरला पाण्याची सोय असावी. ही सोय आपण एकट्याने करू नये. मार्ग आपल्या वस्तीतून, बाजारपेठेतून आणि जुन्या गावातून न्यावा व त्या त्या गल्लीतील तरुणांना पाणी देण्याची विनंती करावी. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांना पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. धावणारा मात्र पेला कोणाच्या हातचा, हे विचारीत नाही आणि देणाराही घेणाऱ्याची जात विचारीत नाही. शर्यतीतली ही दहा सेकंदांची सवय वर्षभर टिकली, तर दौडीचे खरे बक्षीस साऱ्या गावाला मिळेल.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, शेवटचा धावणारा येईपर्यंत पाण्याचे टेबल उचलू नका. जय भीम !