सीपॅप मशीन विमानात नेता येतं, पण १५ तास चालवायचं कसं?

फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी यांचं मुंबईत निधन झालं. कारण सांगताना डॉक्टरांनी एका आजाराचं नाव घेतलं, ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अॅप्निया. म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडकणं. घोरणं हा फक्त चेष्टेचा विषय नाही, हे तेव्हा पुन्हा एकदा चर्चेत आलं.

या आजारावर डॉक्टर बऱ्याचदा सीपॅप मशीन देतात. उशाशी एक छोटं यंत्र, त्याला जोडलेली नळी आणि नाकावर मास्क. घरी ते अंगवळणी पडतं. अडचण येते ती लेकीच्या बाळंतपणाला किंवा नातवंडांना भेटायला अमेरिकेला निघाल्यावर. मुंबईहून न्यूयॉर्कला थेट विमानानेसुद्धा साधारण १५-१६ तास लागतात. एवढ्या वेळात डोळा लागणारच. मग मशीनचं काय करायचं?

हे मशीन नेमकं करतं काय?

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. स्लीप अॅप्निया असलेल्यांमध्ये ते इतके सैल होतात की हवेची वाटच बंद होते. श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त थांबतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू दचकून जागा होतो. हे रात्रीत कितीतरी वेळा घडतं आणि सकाळी माणसाला त्यातलं काहीच आठवत नाही.

ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये यावर उपाय मांडला. नाकातून सतत थोड्या दाबाने हवा सोडायची, म्हणजे घसा आतून उघडा राहतो. सीपॅप आजही याच तत्त्वावर चालतं. हे मशीन ऑक्सिजन देत नाही, आजूबाजूचीच हवा दाबाने आत ढकलते. ऑक्सिजनच्या मशीनचे विमानातले नियम वेगळे असतात, त्यामुळे विमान कंपनीशी बोलताना हा फरक आधी स्पष्ट करावा.

विमानात झोप जास्त धोक्याची का?

विमान पस्तीस-चाळीस हजार फुटांवर उडत असलं तरी आतला दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा ठेवलेला असतो. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई सुमारे ५,४०० फुटांवर आहे. म्हणजे प्रवासी सीटवर बसल्या बसल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा विरळ हवेत श्वास घेत असतो. धडधाकट माणसाचाही ऑक्सिजन इथे थोडा उतरतो. त्यात झोपेत श्वास अडकला, तर तो आणखी खाली जातो.

भर म्हणून अनेक जण विमानात झोप यावी म्हणून दोन पेग घेतात किंवा झोपेची गोळी. दारूने घशाचे स्नायू आणखी सैल पडतात आणि अनेक झोपेच्या गोळ्याही श्वासाला त्रास देऊ शकतात. मशीन न लावता असं झोपणं म्हणजे दुखण्याला आमंत्रण.

विमान कंपनी परवानगी देते का?

बहुतेक मोठ्या कंपन्या देतात, पण प्रत्येकीच्या अटी वेगळ्या. अमेरिकेला जाणाऱ्या आणि तिथून येणाऱ्या विमानांसाठी तर २००९ पासून नियमच आहे. विमानात वापरायला सुरक्षित असल्याची खूण असलेलं सीपॅप वापरू द्यावं लागतं, मग कंपनी अमेरिकेची असो वा परदेशी. शिवाय असं वैद्यकीय उपकरण हँडबॅगेच्या मोजणीत धरता येत नाही. इतर देशांच्या मार्गांवर मात्र त्या त्या कंपनीचं धोरण बघावं लागतं.

मशीन विमानात चालवायचं असेल तर कंपनी ४८ तास आधी कळवायला सांगू शकते. तिकीट काढल्यावर लगेच कळवून लेखी उत्तर घ्यावं. उत्तरात मशीनचं मॉडेल नमूद असेल तर विमानात वाद होत नाही.

खरी गोची विजेची

सीटखाली सॉकेट असतंच असं नाही. असलं तरी ते चालू असेल याची खात्री नाही आणि उड्डाण-उतरण्याच्या वेळी ते बंद ठेवलं जातं. काही कंपन्या वैद्यकीय मशीन सीटच्या सॉकेटला लावूच देत नाहीत, बॅटरीवरच चालवायला सांगतात.

दुसरी गोष्ट, हे सॉकेट फोन-लॅपटॉपसाठी असतं. सीपॅपचा पंखा एकटा फार वीज खात नाही. वीज खातो तो हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर आणि गरम होणारी नळी. ही दोन्ही चालू ठेवली तर सॉकेटवर ताण येऊन ते मध्येच बंद पडू शकतं. त्यामुळे विमानात दोन्ही बंद ठेवायची.

ह्युमिडिफायरमधलं पाणी तर घरातूनच ओतून टाकावं. बॅग आडवी झाली की तेच पाणी मशीनमध्ये शिरतं आणि मशीन कायमचं बिघडू शकतं. विमानातली हवा फार कोरडी असल्याने नाक सुकतं. त्यासाठी पाणी पीत राहावं आणि नाकात टाकायचे सलाईनचे थेंब सोबत ठेवावेत.

बॅटरीचं गणित

अमेरिकेच्या मार्गावर कंपनी प्रवासाच्या वेळेच्या दीडपट चालेल एवढी बॅटरी मागू शकते. म्हणजे १५ तासांच्या प्रवासाला साडेबावीस तास. विमानाला उशीर झाला किंवा ते दुसरीकडे वळवलं गेलं तर काय, हा त्यामागचा विचार.

फोनची साधी पॉवर बँक इथे चालत नाही, कारण सीपॅपला १२ किंवा २४ व्होल्ट लागतात. त्या मॉडेलसाठी बनलेली बॅटरीच घ्यावी लागते. तिच्यावर वॅट-अवरचा आकडा छापलेला असतो. नसेल तर व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर केलं की तो मिळतो.

१०० वॅट-अवरपर्यंतची बॅटरी साधारणपणे वेगळ्या परवानगीशिवाय नेता येते. १०० ते १६० मधल्या जास्तीत जास्त दोन सुट्या बॅटऱ्या, त्याही कंपनीच्या संमतीने. १६० च्या वरची सुटी बॅटरी प्रवाशाला नेता येत नाही. सुटी बॅटरी चेक-इन बॅगेत टाकायला सक्त मनाई आहे, ती हँडबॅगेतच हवी आणि तिची टोकं झाकलेली हवीत. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात एअर बुसानच्या विमानाला आग लागल्यानंतर अनेक कंपन्यांनी पॉवर बँकेचे नियम आणखी कडक केले. त्यामुळे निघण्याच्या आठवड्यात नियम पुन्हा एकदा तपासावेत.

बॅटरी किती तास टिकते, हे जाहिरातीवर न विसंबता घरीच बघावं. ह्युमिडिफायर बंद करून एक रात्र फक्त बॅटरीवर झोपलं की खरा आकडा कळतो. कोरडी हवा सहन होते का, तेही समजतं.

विमानतळावर आणि सीटवर

मशीन चेक-इन बॅगेत कधीच टाकू नये. बॅग दुसऱ्या शहरात गेली तर परक्या देशातल्या पहिल्या काही रात्री मशीनविना काढाव्या लागतात. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत सोबत असावी. सुरक्षा तपासणीत मशीन लॅपटॉपसारखं बाहेर काढायला सांगू शकतात. ते आधीच स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं तर ट्रेची घाण लागत नाही.

सीट निवडताना इमर्जन्सी दाराजवळची रांग टाळावी, कारण तिथे पायाशी सामान ठेवू देत नाहीत. खिडकीची सीट सोयीची, कारण नळीवरून कुणाला ये-जा करावी लागत नाही. आजची बहुतेक मशीन उंचीनुसार दाब आपोआप जुळवतात, काही जुन्या मशीनमध्ये तो हाताने सेट करावा लागतो. हे डॉक्टरांना आधीच विचारावं.

अमेरिकेत ११० ते १२० व्होल्टची वीज असते. मशीनच्या अॅडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर फक्त तिथल्या आकाराची पिन लागते.

आणि मशीन लावताच आलं नाही तर?

शक्य असेल तर दिवसाचं विमान घ्यावं किंवा मध्ये थांबा घेऊन प्रवासाचे दोन तुकडे करावेत. डुलकी लागलीच तर पाठ शक्य तितकी ताठ ठेवून, मान एका बाजूला टेकवून बसावं. उताणं झोपल्यावर घसा जास्त बंद होतो. दारू आणि झोपेची गोळी नकोच. उतरल्यावर लगेच गाडीचं स्टिअरिंग हातात घेऊ नये, कारण न झालेली झोप तिथे अंगावर येते.

हृदयाचा किंवा फुफ्फुसांचा आजारही असेल, तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

घरातले म्हणतात, "एका रात्रीने काय होतंय?" पण मशीन काढलं की घसा त्याच रात्री पुन्हा बंद पडायला लागतो. आजी-आजोबांच्या बॅगेत लोणच्याची बरणी आणि बाळंतिणीचे लाडू आठवणीने भरले जातात. त्याआधी एका फोनवर विमान कंपनीला बॅटरीचं विचारून घ्यावं.